दात येताना आम्ही काय केलं आणि काय टाळलं

लेकीचा पहिला दात दिसायच्या कितीतरी आधी तिची लाळ सुरू झाली. चौथा महिना सरता सरता हनुवटी, गळ्याच्या वळ्या, झबल्याचा पुढचा भाग, सगळं सतत ओलं. घरी येणारा प्रत्येक जण तिच्याकडे बघून म्हणायचा, "दात येतायत वाटतं!" या वयात लाळ वाढते ती लाळग्रंथी जोरात कामाला लागतात म्हणून, आणि ती गिळायचं बाळाला अजून नीट जमत नसतं म्हणून. दात त्यानंतर पंधरा दिवसांतही येतात, चार महिन्यांनीही. हिचे आले सातवा लागल्यावर. खालचे मधले दोन, बहुतेक बाळांचे येतात तसेच.

माझं माहेर चिपळूणचं, सासर कराडचं. दात आले ते नेमके चैत्रात, ऊन तापायला लागलं तेव्हा. आईचा रोज फोन, सासूबाई घरातच, सकाळी बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या मावशी, समोरच्या काकू. प्रत्येकीकडे एकेक उपाय होता आणि प्रत्येकीने पोरं वाढवलेली होती. मला ते उपाय हवेच होते. मध्यरात्री बाळ अख्खी मूठ तोंडात कोंबून कळवळतं तेव्हा आईच्या हाताशी काहीतरी लागतंच. फक्त प्रत्येक गोष्ट करण्याआधी मी आमच्या बालरोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंना विचारायचं ठरवलं होतं. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "घरचे उपाय करा की. औषध म्हणून पोटात जाणार नाही, घशात अडकणार नाही आणि गळ्यात बांधायला लागणार नाही, असं काहीही खुशाल करा." पुढचे कित्येक महिने मी घरातला प्रत्येक सल्ला याच कसोटीवर घासून बघितला.

सगळ्यात जास्त उपयोगी पडला तो ओला फडका. आजेसासूबाईंच्या विरलेल्या सुती लुगड्याचे हातरुमालाएवढे तुकडे सासूबाईंनी जपून ठेवलेले होते. ते उकळून कडक उन्हात वाळवले. एक तुकडा उकळून गार केलेल्या पाण्यात बुडवायचा, घट्ट पिळायचा, एका टोकाला गाठ मारायची आणि झाकणाच्या स्टीलच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायचा. फ्रीजरमध्ये नाही. दगडासारखं गोठलेलं काही हिरडीला लागलं की तिथली नाजूक कातडी दुखावते. तासाभराने काढला की फडका गार आणि मऊ. तिच्या हातात दिला की ती चाचपडत गाठ शोधायची, खालच्या हिरडीच्या बरोब्बर मध्यावर नेऊन धरायची, डोळे बारीक करायची आणि चावायला लागायची. रडणं तिथंच तुटायचं, अर्धा हुंदका छातीत राहून जायचा. गारव्याने हिरडीची सूज जरा उतरते, आणि आतून वर येणाऱ्या दाताच्या दाबाला वरून चावण्याचा दाब मिळाला की बाळाला बरं वाटतं. दुसरं काही गुपित त्यात नाही. दुपारी वीज गेली की फ्रीजचा भरवसा नसायचा. त्यावर सासूबाईंनी संक्रांतीचं एक सुगड स्वच्छ धुऊन त्यात उकळलेलं पाणी भरून खिडकीत ठेवलं. मातीतून पाणी झिरपून चांगलं गार व्हायचं आणि फडका त्यात बुडवता यायचा. वापरलेला फडका पुन्हा डब्यात टाकायचा नाही, दर वेळी धुतलेला नवा घ्यायचा, एवढा एकच नियम मी घरात सगळ्यांना पाठ करून घेतला होता.

दुसरा उपाय आईचा. व्हिडिओ कॉलवर तिने स्वतःच्या बोटाने दाखवला. "अगं, चोळू नकोस तशी. नुसतं दाबून धर. तीच सांगेल तुला कुठं दुखतंय ते." नखं अगदी मुळापर्यंत कापलेली, हात साबणाने धुतलेले, अंगठ्या काढून ठेवलेल्या. करंगळी तोंडात घालून हिरडीवर अलगद दाबायची आणि थांबायचं. जिथं दुखत असेल तिथं बाळ स्वतःच बोटावर चावतं. नको असेल तर जिभेने ढकलून देतं. खालची हिरडी आधी गुळगुळीत लागायची, मग दोन ठिकाणी फुगीर लागायला लागली, मग एक दिवस त्या फुगीरपणाच्या टोकाला काहीतरी खरखरीत. दात अजून दिसत नव्हता, पण संध्याकाळी सासूबाई मऊ खिमटी भरवत होत्या तेव्हा चमच्यावर टक्‌ असा आवाज आला. त्यांनी मुद्दाम पुन्हा चमचा टेकवला, पुन्हा टक्‌. लगेच वाटीत साखर घालून देवापुढे ठेवली.

बोटाने दाबताना कशाचं तेल, कसला लेप असं काही लावलं नाही. लवंगेचं तेल मोठ्या माणसाच्या दातदुखीवर कापसाच्या बोळ्याने लावतात, म्हणून काहीजण बाळालाही सुचवतात. ते तेल भलतंच जहाल असतं. हिरडी भाजते, आणि थोडं जास्त पोटात गेलं तर तान्ह्याच्या यकृताला इजा होऊ शकते. आमच्या घरात ती बाटली होती, ती वरच्या फळीवर गेली.

सहा महिन्यांनंतर वरचं खाणं सुरू झालेलं असतं, त्याचा फार फायदा होतो. फ्रीजमधलं घरचं गोड दही चमच्याच्या टोकावर, गार चिकूचा कुस्करलेला गर, किंवा नुसताच गार केलेला चमचा. उन्हाळ्यात बाळ दुखण्याने दूध तोडतं तेव्हा हे चार चमचे पोटात गेले तरी जीव भांड्यात पडतो. वैशाखात चिपळूणहून आंब्याची पेटी आली आणि आईने फर्मान सोडलं, "कोय दे तिला चोखायला." सासूबाई म्हणाल्या आंबा उष्ण, दात येताना नको. मग मधला मार्ग निघाला: आंबा दोन-तीन तास पाण्यात बुडवून ठेवायचा, देठाकडचा चिकाचा भाग उडवायचा (चीक तोंडाला लागला की बाळाच्या ओठाभोवती पुरळ उठतं), बहुतेक गर मोठ्यांनी खाऊन नव्हे तर सुरीने काढून घ्यायचा आणि कोय थोडा वेळ गार करून हातात द्यायची. हापूसची कोय तिच्या मुठीपेक्षा मोठी, गिळली जाण्याची भीती नाही, आणि धरायला खडबडीत. तिला मांडीवर ताठ बसवून मी समोर. कोपरापर्यंत ओघळ, पोटावर रस, आणि हिरड्या कोयीवर अशा घासत होती की फरशीवर बसलेल्या सगळ्यांना हसू आवरेना. कोयीचे धागे सुटायला लागले की काढून घ्यायची. आंब्याचे दिवस असेपर्यंत हे चाललं.

खारकेवरून मात्र घरात बोलणं झालं. आमच्याकडे खारकेला भोक पाडून दोरा ओवायचा आणि तो बाळाच्या गळ्यात अडकवायचा, म्हणजे खारीक खाली पडत नाही आणि बाळ चघळत राहतं, अशी पद्धत. नवऱ्याला आणि नणंदेला तशीच दिलेली. मी सासूबाईंना म्हटलं, "आई, खारीक वाईट नाही, पण गळ्यातला दोरा नको. आणि भिजून मऊ झाली की तिचा तुकडा निघतो, तो घशात बसला तर आपल्याला कळायच्या आत होत्याचं नव्हतं होईल." त्या रागावल्या नाहीत. थोडा वेळ काही बोलल्या नाहीत, मग सांगितलं की त्यांच्या जावेच्या मुलाच्या घशात असाच तुकडा अडकला होता, पाठीत थापट्या मारून काढला. त्यानंतर दोरा विषयातच राहिला नाही. गाजराच्या कच्च्या कांडीचंही तेच. दोन दात फुटले की बाळ गाजराचा टवका सहज काढतं, आणि चावायला दाढा तर नसतात. परदेशात अंबर मण्यांच्या माळा बाळाच्या गळ्यात घालतात आणि आता त्या इथेही ऑनलाइन मिळतात. गळा आवळला जाण्याच्या आणि मणी घशात जाण्याच्या भीतीपायी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2018 साली त्याविरुद्ध इशारा दिलेला आहे. दोरा कुठल्याही देशाचा असला तरी दोराच.

न्हाऊ घालणाऱ्या मावशींचा ठाम उपाय होता टाकणखाराची लाही मधात कालवून हिरड्यांना चोळायची. हा उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे, आणि मावशी सांगत होत्या त्या मायेनेच. पण यातल्या दोन्ही गोष्टी तान्ह्याला धोक्याच्या. मधात एका जिवाणूची बीजं असू शकतात, मोठ्या माणसाच्या आतड्यात ती निमूट बाहेर पडतात, पण वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. म्हणून वर्षाच्या आत मधाचं बोटसुद्धा नाही. आणि टाकणखार म्हणजे बोरॅक्स. मध-बोरॅक्सचं मिश्रण चोखणीला लावून दिलेल्या बाळांना झटके आल्याची सात उदाहरणं 1983 साली एका ब्रिटिश बालवैद्यकीय नियतकालिकात छापून आली होती. मिश्रण बंद केल्यावर झटके थांबले. मावशींना मी हे सगळं सांगितलं नाही. "डॉक्टरबाई नको म्हणाल्यात मावशी, त्यापेक्षा तुमच्या हाताने तिच्या गालांना आणि जबड्याला जरा चोळा," असं म्हटलं. मावशींनी खोबरेल तेलाच्या बोटांनी कानापासून हनुवटीपर्यंत असं काही चोळलं की पोर न रडता तिथेच पेंगली. आंघोळीआधीचं ते गालाचं मालीश मग रोजचं झालं.

औषधाच्या दुकानात विचारलं असतं तर हिरड्या बधिर करणारं जेल लगेच मिळालं असतं. नवरा आणायला निघालाही होता. अशा काही जेलमध्ये बेंझोकेन असतं, आणि त्याने क्वचित का होईना, रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद अचानक घटते, बाळ निळं पडतं. दोन वर्षांच्या आतल्या मुलांसाठी ते विकू नये असं अमेरिकेत 2018 साली सांगण्यात आलं. शिवाय लाळेच्या एवढ्या पुरात जेल हिरडीवर टिकतं किती? काही मिनिटांत सगळं पोटात. समोरच्या काकूंनी होमिओपॅथीच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्या आणून दिल्या होत्या, "गोडच तर आहेत." त्याही ठेवून दिल्या. दातांसाठीच्या काही होमिओपॅथी गोळ्यांत बेलाडोना या विषारी वनस्पतीचं प्रमाण लेबलवर लिहिल्यापेक्षा कितीतरी जास्त असल्याचं 2017 साली तिकडच्याच तपासणीत सापडलं होतं. मला इथल्या गोळ्यांत काय असतं हे तपासता येणार नव्हतं, आणि बाळावर प्रयोग करायचा नव्हता.

खरी परीक्षा रात्रीची. दिवसा बाळाला चार माणसं, कावळा, कुकरची शिट्टी, रस्त्यावरचा भाजीवाला असं बरंच काही असतं. रात्री दिवा मालवला की दुखणं आणि ती, दोघंच. त्यासाठी नऊवारीची झोळी होती. मी पाजून थकले की नवरा तिला खांद्यावर टाकून गच्चीवर फेऱ्या मारायचा. त्याच्या खांद्याच्या हाडावर ती हिरडी टेकवून ठेवायची आणि सकाळी त्याचा बनियन तिथे ओला चिंब असायचा. अगदीच अनावर झालं त्या रात्री पॅरासिटामॉल दिलं, डॉक्टरबाईंनी तिच्या वजनावरून लिहून दिलेलं तेवढंच, ड्रॉपरने मोजून. इथे एक गोष्ट प्रत्येक घराने बघून घ्यावी. पॅरासिटामॉलचे थेंब आणि सिरप यांची ताकद वेगळी असते. थेंबांच्या बाटलीत साधारण 1 मिलीला 100 मिलिग्रॅम औषध असतं, तर नेहमीच्या सिरपमध्ये 5 मिलीला 120 किंवा 125, आणि एका प्रकारात 250. सिरपचं माप थेंबांच्या बाटलीतून घेतलं की बाळाला कितीतरी पट औषध जातं. आम्ही घरात एकच बाटली ठेवली आणि तिच्यावर चिठ्ठी चिकटवली.

अंगावर पाजणाऱ्यांना दातांचं आणखी एक भय असतं. हो, चावली. पोट भरत आलं, दूध ओढणं थांबलं की चावायची. बाळ मनापासून ओढत असतं तेव्हा त्याची जीभ खालच्या हिरडीवर पसरलेली असते, त्या वेळी त्याला चावताच येत नाही. हे कळल्यावर मी तिच्या जबड्याकडे लक्ष ठेवायला लागले. गिळणं मंदावलं, जीभ मागे गेली की करंगळी तोंडाच्या कोपऱ्यातून आत सरकवायची आणि तिला सोडवून घ्यायचं. ओरडले तर ती दचकून आणखी घट्ट धरायची. पाजण्याआधी पाच मिनिटं गार फडका चघळायला दिला की चावणं निम्म्याने कमी व्हायचं.

लाळेच्या पुरळासाठी फार काही लागत नाही. लाळेरी भरपूर शिवून घ्यावीत, ओलं लाळेरं लगेच बदलावं, हनुवटी पुसायची नाही तर टिपायची, आणि झोपताना खोबरेल तेलाचा पातळ हात. पावडर नको, ती श्वासातून आत जाते.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले ते सांगते. आठवा सरत आला होता, वरचे दात येऊ घातले होते, हिरडी पांढुरकी झालेली, आणि तिला जुलाब सुरू झाले. घरात कोणालाच नवल वाटलं नाही. दाताचे जुलाब! काकू म्हणाल्या, एकेका दाताला एकेक खेप. दुपारपर्यंत मीही तिला फडके देत, दूध पाजत होते. पण अंग तापलं, थर्मामीटरने 101 दाखवलं, आणि तीन-चार तासांत दुपटं ओलं झालेलं नव्हतं. दात येताना अंग किंचित कोमट लागतं, पण 100.4 फॅरनहाइटच्या वरचा ताप दातांमुळे येत नाही, हे मला डॉक्टरबाईंनी आधीच बजावलेलं होतं. आम्ही रिक्षा करून थेट दवाखान्यात. त्यांनी टाळू बघितली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडून बघितली, तोंडात जीभ ओली आहे का ते बघितलं. पोटाचा संसर्ग होता. जलसंजीवनीचं पाकीट, एका पाकिटाला लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, चमच्या-चमच्याने, प्रत्येक जुलाबानंतर. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. आणि झिंक, रोज 20 मिलिग्रॅम, जुलाब थांबले तरी पूर्ण 14 दिवस. वाडग्यात पाणी घेऊन सासूबाई रात्रभर तिच्या उशाशी बसल्या, घड्याळ बघत चमचा चमचा घालत. पहाटे दुपटं ओलं झालं तेव्हा त्यांनीच मला उठवलं.

दातांचा आणि जुलाबांचा वेळ एकच का जुळून येतो, याचं कारण साधं आहे. सहाव्या महिन्यानंतर आईकडून पोटात असताना मिळालेलं संरक्षण ओसरतं, वरचं खाणं सुरू होतं, बाळ रांगायला लागतं आणि हिरड्या सळसळतात म्हणून जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. चप्पलसुद्धा. दात बिचारे त्याच सुमाराला बाहेर येत असतात आणि आळ त्यांच्यावर जातो. हा आळ फार जुना आहे आणि फक्त आपल्याकडचा नाही. 1839 साली इंग्लंड आणि वेल्समध्ये पाच हजारांवर मृत्यूंची नोंद 'दात येणे' या कारणाखाली झाली होती. ती पोरं कशाने गेली असतील, ते त्या रात्री वाडग्यातलं पाणी ढवळताना माझ्या मनात येत होतं.

चिपळूणचे मामा वैद्य आहेत. फोनवर ते म्हणाले, वाग्भटाने अष्टांगहृदयात दात येणं हे सगळ्या रोगांचं घर म्हटलंय, ते लोकांनी लक्षात ठेवलं. पण त्याच्याच पुढे त्याने सांगितलंय की दातांमुळे होणाऱ्या दुखण्यांत बाळाला औषधांनी आणि पथ्यांनी फार जखडू नका, दात आले की ती आपोआप शमतात. "दोन्ही वाक्यं एकत्र वाच," मामा म्हणाले. "दाताचं दुखणं असेल तर ते थांबेल, तू फक्त सोबत कर. थांबत नसेल तर ते दाताचं नव्हे." मला वाटतं, डॉक्टरबाई आणि मामा वेगवेगळ्या वाटेने येऊन एकाच दारात उभे होते.

नणंदेच्या मुलाचे वरचे दात आधी आले. वरचे आधी आले की मामाला जड, असं म्हणतात. मामा म्हणजे माझा नवरा. शेजारपाजारच्यांनी त्याला तोंड न बघण्याचा सल्ला दिला. तो दुसऱ्याच दिवशी कोल्हापूरला जाऊन भाच्याला खांद्यावर घेऊन फिरला, कारण नणंद कित्येक रात्री झोपलेली नव्हती.

आमच्या लेकीच्या आता दाढा येतायत. पहिल्या दाढा साधारण सव्वा ते दीड वर्षाच्या आसपास, मग सुळे, आणि मागच्या दाढा दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास. अशा वीसच्या वीस दुधाच्या दातांची भरती व्हायला तिसरं वर्ष उजाडतं. दाढांची सूज पसरट असते आणि करंगळी तिथपर्यंत नेली की ती खरोखरच चावते, म्हणून आता बोटाऐवजी फडकाच. शिवाय ती बोलायला लागली आहे, गालावर हात ठेवून "बाऊ" म्हणते, त्यामुळे अंदाज बांधावा लागत नाही. पहिला दात दिसला त्या आठवड्यापासून आम्ही दिवसातून दोनदा तिचे दात घासतो, मऊ केसांचा छोटा ब्रश आणि तांदळाच्या दाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट. रात्री ब्रश झाल्यावर बाटलीतून दूध नाही, साखरेचं पाणी नाही. सासूबाई आधी म्हणायच्या, "पडायचेच आहेत की ते दात." मग डॉक्टरबाईंनी त्यांना किडलेल्या दुधाच्या दातांचे फोटो दाखवले. आता संध्याकाळी ब्रश त्याच घेऊन बसतात.